गरम पाणी येईपर्यंत किती गार पाणी जातं?

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे गरम पाण्याच्या नळाचा. नळ सोडला की आधी गार पाणी येतं, मग कोमट, आणि मग कुठे गरम. घर लहान असेल तर हे लक्षातही येत नाही. पण घर लांबरुंद असेल, सोलर स्लॅबच्या एका टोकाला आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला असेल, तर गरम पाणी यायला दोन-दोन मिनिटं लागतात. तोवर आलेलं चांगलं स्वच्छ पाणी आपण मोरीत सोडून देतो.

तुम्ही म्हणाल, हा तर बंगलेवाल्यांचा विषय, आपला काय संबंध? संबंध आहे. आम्ही गटांच्या बैठकींसाठी गावोगाव फिरतो तेव्हा बघतो, आता गावातली घरंही मोठी झाली आहेत. दोघं-तिघं भाऊ एकत्र राहतात, वर एक मजला चढवलेला असतो, प्रत्येकाची न्हाणी वेगळी असते. स्लॅबवर सोलर बसवलेला असतो आणि त्यासाठी पुष्कळ वेळा पैसे गटाच्या कर्जातून घेतलेले असतात. म्हणजे हप्ता आपण भरतो. मग त्या पैशाचं गरम पाणी आपल्या हातापर्यंत पोचतं का, हे बघायला नको?

एका घरातली गोष्ट सांगतो. अकरा माणसांचं कुटुंब. सोलर चांगला दोनशे लिटरचा. पुरुषांच्या आणि मुलांच्या अंघोळी त्यावर छान होतात, कारण न्हाणी सोलरच्या अगदी खाली आहे. स्वयंपाकघर मात्र घराच्या मागच्या टोकाला. तिथल्या नळाला गरम पाणी यायला इतका वेळ लागतो, की त्या घरातल्या ताईंनी तो नळ सोडणंच बंद केलं. तेलकट भांडी घासायला, कणीक मळायला, बाळंतिणीला प्यायला द्यायला त्या अजून चुलीवर पातेलं ठेवतात. घरात सोलर आला, पण सरपण काही सुटलं नाही. सोलरमध्ये काहीच बिघाड नाही. बिघाड आहे तो पाइपाच्या वाटेत.

असं का होतं?

जुन्या घरात हा प्रश्नच नव्हता, कारण पाणी जिथे तापायचं तिथेच वापरलं जायचं. न्हाणीच्या शेजारी चुलाण, चुलाणावर हंडा, नाहीतर न्हाणीतच तांब्याचा बंब. बंबाची तोटी आणि बादली यांच्यात एका हाताचं अंतर. धूर होता, सरपण लागायचं, ते कष्ट कुणाला परत नकोत. पण पाण्याला प्रवास नव्हता.

आता पाणी तापतं एकीकडे आणि वापरलं जातं दुसरीकडे. मधे पाइप आहे. आपण नळ बंद केला की पाइपात जेवढं गरम पाणी उभं आहे, ते तिथेच राहतं आणि गार होतं. उघड्या पाइपात थंडीच्या दिवसांत वीसेक मिनिटांत ते कोमट होऊन जातं. पुन्हा नळ सोडला की आधी हे उभं राहिलेलं गार पाणी बाहेर यावं लागतं. ते सगळं गेल्याशिवाय टाकीतलं गरम पाणी नळाशी येणारच नाही. रांगेत पुढे उभी असलेली माणसं सरकल्याशिवाय आपला नंबर लागत नाही, तसंच हे.

म्हणून खरा प्रश्न एवढाच: पाइपात पाणी किती मावतं? ते दोन गोष्टींवर ठरतं, पाइपाची लांबी आणि पाइपाची जाडी. गरम पाण्यासाठी आपल्याकडे हल्ली पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाइप वापरतात. त्याचा हिशोब असा:

अर्धा इंची पाइपात दहा फुटांत साधारण ३७० मिली पाणी मावतं.

पाऊण इंची पाइपात दहा फुटांत साधारण ८०० मिली.

एक इंची पाइपात दहा फुटांत साधारण १ लिटर ३०० मिली.

आता समजा, टाकीपासून नळापर्यंत ६० फूट पाइप आहे. अर्धा इंची असेल तर त्यात सव्वादोन लिटर पाणी उभं असतं. पाऊण इंची असेल तर पावणेपाच लिटर. आणि एक इंची असेल तर जवळजवळ आठ लिटर. शिवाय गरम पाणी येताना वाटेतला गार पाइपही तापवत येतं, त्यात त्याची ऊब जाते. म्हणून प्रत्यक्षात पाइपात मावतं त्याच्या सव्वापट-दीडपट पाणी सोडावं लागतं. म्हणजे एक इंची पाइपाच्या घरात एका वेळेला एक कळशी पाणी मोरीत!

इथे एक गैरसमज दूर करू. आपल्याला वाटतं, मोठा पाइप घातला की पाणी भरपूर येईल, म्हणजे गरम पाणीही लवकर येईल. प्लंबरही कधी कधी असंच सांगतो. पाणी भरपूर येतं हे खरं. पण पाइप जितका जाड, तितकं त्यात गार पाणी जास्त उभं, आणि तितकं गरम पाणी उशिरा. एकट्या लांबच्या नळासाठी घातलेला जाड पाइप पाणीही खातो आणि वेळही खातो.

तसंच प्रेशर पंपाचं. पंप बसवला की पाणी जोरात येतं, त्यामुळे गरम पाणी कमी वेळात येतं. पण वाया जाणारे लिटर तेवढेच राहतात. पाणी जोरात वाया जातं, एवढाच फरक.

नुकसान किती?

पाऊण इंची पाइपाचं घर धरू. एका वेळेला पाच लिटर. दिवसातून आठ वेळा नळ गार झाल्यावर सोडला, तर चाळीस लिटर. महिन्याचे झाले बाराशे लिटर.

आता हे दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून बघा. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, तेव्हा गावातल्या प्रत्येक माणसामागे रोज ५५ लिटर पाणी हे माप ठरवलं गेलं. म्हणजे आपल्या घरात रोज चाळीस लिटर नुसतं गरम पाण्याची वाट बघण्यात गेलं, तर घरातल्या एका माणसाच्या वाट्याचं बरंचसं पाणी मोरीत गेलं. एप्रिल-मे महिन्यात ज्या गावात टँकर येतो, त्या गावातल्या बाईला या चाळीस लिटरचं मोल सांगायला नको. तिने ते डोक्यावर वाहिलेलं असतं.

आणि जिथे विजेचा गीझर आहे, तिथे पाण्याबरोबर वीजही जाते. एक युनिट वीज साधारण २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवते, म्हणजे २५ अंशांचं गार पाणी ६० अंशांपर्यंत नेते. नळ बंद केल्यावर पाइपात पाच लिटर गरम पाणी उभं राहून गार झालं, तर एक पंचमांश युनिट फुकट गेलं. असं दिवसातून दहा वेळा झालं की दोन युनिट गेले. महिन्याचे साठ. आता तुमच्या बिलावरचा दर बघा आणि गुणाकार करा.

आधी मोजा, मग खर्च करा

उपाय सांगण्याआधी एक काम. उद्या सकाळी सगळ्यात आधी, घरात कुणीही गरम पाण्याचा नळ सोडायच्या आत, हे करा. एक बादली नळाखाली ठेवा. मोबाइलमधलं घड्याळ सुरू करा आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. हाताला छान गरम लागलं की नळ बंद करा. किती सेकंद लागले ते लिहा. बादलीतलं पाणी लिटरच्या मापाने मोजा, तेही लिहा. मग टाकीपासून नळापर्यंत पाइप कुठून कुठे गेला आहे ते बघून त्याची लांबी काढा. घरातल्या प्रत्येक गरम नळाचं असं करा.

दीड-दोन लिटरच्या आत पाणी येत असेल तर काही करू नका, तुमचं घर ठीक आहे. दोन ते पाच लिटर असेल तर सवयी बदलून आणि पाइप गुंडाळून भागेल. पाच लिटरच्या वर जात असेल तर मात्र पाइपाचा किंवा गीझरचा विचार करायला हवा. मोजल्याशिवाय कुणाचंही ऐकून पैसे घालू नका.

पैसे न लागणारे उपाय

पहिला उपाय सगळ्यात सोपा. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात गरम पाण्याचा नळ आधी सोडा. आपण काय करतो? आधी गरमचा नळ सोडून गार पाणी मोरीत जाऊ देतो, गरम आलं की बादली लावतो, आणि मग ते फार कढत आहे म्हणून गारच्या नळाने विसण घालतो. म्हणजे एकीकडे गार पाणी फेकायचं आणि दुसरीकडे गार पाणी घ्यायचं! त्याऐवजी बादली पहिल्यापासूनच गरमच्या नळाखाली ठेवा. आधी येणारं गार पाणी हेच तुमचं विसण. टाकीत ६० अंशांचं पाणी असेल आणि बाहेरचं पाणी २० अंशांचं असेल, तर अंघोळीच्या ४० अंशांच्या बादलीत निम्मं गरम आणि निम्मं गारच लागतं. वीस लिटरच्या बादलीत दहा लिटर गार. म्हणजे पाइपातलं सगळं गार पाणी तिथेच कामाला आलं, वाया काहीच गेलं नाही.

पण यात एक काळजी घ्या. बादली भरत असताना लहान मूल न्हाणीत नको. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि लहान मुलांची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते. बादली भरली की पाणी ढवळा, हात घालून बघा, मगच मुलाला बोलवा.

दुसरा उपाय, अंघोळी एकापाठोपाठ करा. पहिल्या माणसानंतर लगेच दुसरा गेला तर पाइप गरमच असतो. मधे अर्धा तास गेला की पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकघराचा नळ त्याच लाइनवर असेल तर सकाळची तेलकट भांडी अंघोळी संपल्या संपल्या घासा, संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

तिसरा, स्वयंपाकघरात सिंकखाली कायम एक छोटी बादली किंवा घमेलं ठेवा. गरम पाणी येईपर्यंतचं पाणी त्यात धरा. डाळ-तांदूळ धुवायला, फरशी पुसायला, जनावरांना, परसबागेला ते उत्तम. फक्त एक लक्षात ठेवा, गरम पाण्याच्या नळाचं पाणी पिण्यासाठी धरू नका. ते टाकीत साठून राहिलेलं असतं.

चौथा, हात धुण्यासाठी गरमचा नळ सोडूच नका. गरम पाणी यायच्या आत हात धुऊन होतात. आपल्या हाताला गारच पाणी लागतं आणि पाइपात मात्र उगाच गरम पाणी येऊन बसतं.

थोड्या पैशांचे उपाय

पाइप गुंडाळणं हा चांगला उपाय आहे, पण त्याने काय होतं आणि काय होत नाही हे समजून घ्या. प्लंबिंगच्या दुकानात काळ्या फोमच्या लांब नळ्या मिळतात, त्या पाइपावर चढवतात. त्यामुळे पाइपातलं पाणी वीस मिनिटांऐवजी पाऊण-एक तास गरम राहतं. म्हणजे सकाळी दोन अंघोळींच्या मधे वेळ गेला तरी गरम पाणी पटकन मिळतं. पण रात्रभर उभं राहिलेलं पाणी गुंडाळलेल्या पाइपातही सकाळपर्यंत गार होतंच. म्हणून पहाटेचं पहिलं पाणी गुंडाळल्याने लवकर येणार नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर फसू नका.

स्लॅबवरचा फोम उन्हाने तडकतो आणि त्याचे तुकडे पडतात. त्यावर चांदीच्या रंगाची अॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळून घ्या. काही जणी घरचं गोणपाट गुंडाळतात. कोरडं असेल तोवर ते काम करतं, पण पावसात भिजलं की उलट पाण्याची ऊब ओढून घेतं. उघड्यावर गोणपाट नको.

दुसरा उपाय लहान गीझरचा. स्वयंपाकघर फार लांब असेल तर तिथे तीन लिटरचा लहान गीझर बसवता येतो. पाणी तिथेच तापतं, जुन्या बंबासारखं. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांनी आणखी एक करता येतं. सोलरची लाइनच त्या गीझरमधून न्यायची. नळ सोडला की आधी गीझरमधलं गरम पाणी येतं. तोवर लांबच्या पाइपातलं गार पाणी गीझरमध्ये शिरतं, आणि त्यामागून सोलरचं गरम पाणी येऊन पोचतं. गरम पाणी आत आलं की गीझर आपोआप बंद होतो, त्यामुळे वीज थोडीच लागते.

इथेही पाइपाची जाडी महत्त्वाची. साठ फुटांच्या अर्धा इंची पाइपात सव्वादोन लिटर गार पाणी असतं, ते तीन लिटरचा गीझर सांभाळून घेतो. पण एक इंची पाइपातलं आठ लिटर गार पाणी त्याच्यात शिरलं तर मधेच नळाला गार पाणी यायला लागेल. तिथे दहा लिटरचा गीझर लागेल. आणि गीझर घेताना दुकानदाराला विचारा, यात सोलरचं गरम पाणी सोडलेलं चालतं का? प्रत्येक गीझरला ते चालेलच असं नाही.

विजेचं नीट बघा. तीन लिटरचा गीझर बहुधा तीन हजार वॅटचा असतो. साध्या पिनेच्या छोट्या सॉकेटवर तो लावायचा नाही. त्याला मोठ्या पिनेचं सॉकेट, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग लागतं. शिवाय झटका बसायच्या आत वीज तोडणारं ईएलसीबी घरात हवंच. ओल्या हातांनी काम आपण करतो, म्हणून हे आपण विचारायचं.

गॅस गीझरबद्दल एकच सांगतो, पण ते कान देऊन ऐका. गॅस गीझर बंद न्हाणीत कधीही बसवू नका. त्याच्या ज्वाळेने कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध जाते आणि जीवही जाऊ शकतो. लावायचाच असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत लावा, नुसतं पाणी पाइपाने आत आणा.

घर बांधताना किंवा सोलर बसवताना

मैत्रिणींनो, खरा उपाय इथे आहे. पाइप भिंतीत गेला, वर गिलावा झाला, की मग तो बदलायला भिंत फोडावी लागते. त्याआधी अर्ध्या तासाचं बोलणं पुरतं.

पहिली गोष्ट, सोलर कुठे बसवायचा? त्याला दक्षिणेचं ऊन हवं आणि झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली नको. एवढं सांभाळून तो न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या डोक्यावर जितका जवळ येईल तितका बरा. पुष्कळ ठिकाणी तो रस्त्यावरून दिसावा म्हणून पुढच्या बाजूला बसवतात, आणि पाणी लागतं मागच्या बाजूला. दिसण्याची किंमत मग रोज मोरीत जाते. फक्त जागा ठरवताना गवंड्याला विचारा, कारण दोनशे लिटर पाणी म्हणजे नुसतं पाण्याचंच वजन दोनशे किलो. ते भिंतीवर किंवा बीमवर यायला हवं.

दुसरी गोष्ट, वाट सरळ ठेवा. कठड्याच्या कडेकडेने फिरवलेला पाइप तीस फुटांचे सत्तर फूट करतो. न्हाणी आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून असतील तर एकाच जागेतून पाइप खाली येतो. नवीन घराचा आराखडा कागदावर असतानाच हे जमतं.

तिसरी गोष्ट, जाडी नळाप्रमाणे. टाकीपासून निघणारी मुख्य लाइन पाऊण इंची किंवा गरजेप्रमाणे एक इंची असू द्या, पण ती लहान ठेवा. तिथून खालच्या मजल्यावरच्या एकट्या नळाकडे जाणारा फाटा अर्धा इंची पुरतो. खाली पाण्याला उंचीचा जोर मिळतो, त्यामुळे बारीक पाइपातूनही धार चांगली येते. वरच्या मजल्यावर मात्र टाकी अगदी डोक्यावर असते, तिथे जोर कमी. तिथे पाऊण इंचीच ठेवा. तो नळ टाकीच्या जवळच असल्याने पाणी फार वाया जात नाही.

चौथी गोष्ट, भिंतीत जाणारा गरम पाइप गिलाव्याआधी गुंडाळून घ्या. उघडा पाइप भिंतीला टेकला की तुमचं गरम पाणी आधी भिंत तापवतं. गुंडाळलेल्या पाइपाला खाच रुंद लागते, म्हणून गवंड्याला आधीच सांगा. आणि गरम पाण्याला साधा पांढरा पीव्हीसी पाइप चालत नाही. उष्णतेने तो मऊ पडतो आणि वाकतो. स्वस्त म्हणून तो घालू देऊ नका.

पाहुण्यांसाठी खोल्या चालवणाऱ्या ताईंसाठी

कोकणात आणि इतरही ठिकाणी काही ताई घरगुती पाहुणचाराच्या खोल्या चालवतात. तिथे चार खोल्या, चार न्हाण्या, आणि पाहुणा शॉवर सोडून गरम पाण्याची वाट बघत उभा. मिनिटाला आठ लिटर पाणी जातं आणि वर तक्रार येते की गरम पाणी नाही.

मोठ्या हॉटेलात यासाठी परतीचा पाइप घालतात. गरम पाणी शेवटच्या खोलीपर्यंत जातं आणि न वापरलेलं पाणी दुसऱ्या पाइपाने पुन्हा टाकीकडे येतं. एक छोटा पंप ते फिरवत ठेवतो. त्यामुळे कुठलाही नळ सोडला की लगेच गरम पाणी. ही सोय चांगली, पण पंप रात्रंदिवस चालू ठेवला तर सगळा पाइप अखंड गरम राहून हवा तापवत बसतो. जाऊन-येऊन १२० फुटांचा उघडा पाइप असेल, तर दिवसाला पंधरा-वीस युनिट विजेएवढी उष्णता नुसती हवेत जाऊ शकते. म्हणून पाइप गुंडाळलेला हवा आणि पंपाला घड्याळाचं बटण हवं. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास, बस. त्याहून बरं म्हणजे खोलीत घंटेसारखं बटण. अंघोळीच्या आधी दाबलं की पंप मिनिटभर चालतो, पाइपातलं गार पाणी मोरीत न जाता टाकीकडे परत जातं. यात पाणी उलटं फिरू नये म्हणून एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह लागतो. हे काम जाणत्या प्लंबरकडूनच करून घ्या.

एवढा खर्च नको असेल तर न्हाणीत एक बादली ठेवा आणि भिंतीवर मराठीत आणि हिंदीत पाटी लावा: "पहिलं गार पाणी बादलीत धरा, एका मिनिटात गरम येईल." पाहुण्याला आधीच कळलं की तो तक्रार करत नाही, आणि पाणी झाडांना जातं.

प्लंबरला विचारायचे पाच प्रश्न

हे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा. कुणी सोलर, गीझर किंवा घरासाठी कर्ज मागितलं, की बैठकीत हे वाचून दाखवा.

एक, टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळापर्यंत पाइप किती फूट होईल?

दोन, प्रत्येक फाटा किती इंची घालणार, आणि का?

तीन, गरम पाइप स्लॅबवर आणि भिंतीत गुंडाळणार का, कशाने?

चार, स्वयंपाकघरात गरम पाणी यायला किती लिटर सोडावे लागतील?

पाच, काम झाल्यावर बादली लावून मोजून दाखवणार का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शेवटचे पैसे त्या मोजणीनंतर द्या.

घरात गवंडी, प्लंबर येतो तेव्हा पुष्कळ घरांत आपलं काम चहा देण्याचं असतं. पाइप कुठून न्यायचा हे बाहेर अंगणात ठरतं आणि त्या नळाशी आयुष्यभर उभी आपण राहतो. चहा द्याच. पण कप ठेवून आत निघून जाऊ नका, तिथेच थांबा आणि विचारा, माझ्या स्वयंपाकघरात गरम पाणी किती वेळात येणार? नळाशी जी उभी राहणार तिला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. कर्जाचा हप्ता तिच्या नावावर असेल तर तो आणखीनच.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचे तीन आकडे आणा: किती सेकंद, किती लिटर, किती फूट. फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहा आणि गावाची बेरीज करा. ती बेरीज आम्हालाही कळवा. पुढच्या एखाद्या भागात आपण त्यावर बोलू.

तोपर्यंत गरमचा नळ सोडायच्या आधी त्याखाली बादली ठेवा. नमस्कार.